स्मॉल सेल: पहिले पंधरा दिवस

छातीच्या फोटोत फुफ्फुसाच्या मुळाशी सावली दिसते, थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत, आणि तरी 'करून बघू' म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू होतात. कोल्हापूर, इचलकरंजी, निपाणी या पट्ट्यात हे इतकं सवयीचं झालंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. टीबी आपल्याकडे आहेच, औषध फुकट मिळतं, दोन महिन्यांनी परत फोटो काढायचा. बऱ्याच आजारांत हे दोन महिने खपून जातात. स्मॉल सेल या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये खपत नाहीत. ही गाठ दुप्पट व्हायला महिना-दोन महिने पुरतात. छातीच्या एका बाजूत मावणारा आजार तेवढ्यात यकृतात, हाडांत, मेंदूत जाऊन बसतो, आणि जो उपचार बरं करण्यासाठी द्यायचा होता तो फक्त दिवस वाढवण्यासाठी द्यावा लागतो.

म्हणून इथे औषधांइतकाच भर त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांवर आहे. सावली दिसल्यापासून पहिली केमो चढेपर्यंत पंधरा दिवस, हे माप धरून चाला. कोल्हापुरात राहून ते जमतं. मात्र तपासण्या एकामागून एक रांगेत न लावता एकदमच लावाव्या लागतात.

आधी आजाराची ओळख. फुफ्फुसाच्या शंभर कॅन्सरमध्ये साधारण १३ ते १५ स्मॉल सेलचे. उरलेल्यांना मिळून नॉन-स्मॉल सेल म्हणतात, आणि सोशल मीडियावर ज्या 'टार्गेटेड गोळ्या' फिरतात त्या जवळजवळ सगळ्या त्यांच्यासाठी असतात. स्मॉल सेलचे बहुतेक रुग्ण विडी किंवा सिगारेट ओढणारे, निदान पूर्वी ओढलेले. आपल्याकडे विडी सिगारेटपेक्षा सौम्य असा एक समज आहे, कारण तिच्यात तंबाखू कमी असतो. पण तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं आपोआप जळत राहत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात, आणि तंबाखू कमी असल्याचा फायदा तिथेच संपतो.

पेशीच्या पातळीवर यात टीपी५३ आणि आरबी१ ही दोन जनुकं निकामी झालेली असतात. ही दोन्ही पेशीची ब्रेक लावणारी जनुकं. त्यामुळे पेशी सतत विभागत राहते. सतत विभागणाऱ्या पेशीवर केमो जोरात लागू पडते, म्हणून केमोच्या पहिल्या दोन सायकलमध्ये, म्हणजे फेऱ्यांत, गाठ इतकी वितळते की घरच्यांना आजार गेलाच असं वाटतं. उरलेल्या मूठभर पेशीही त्याच वेगाने परत वाढतात, हे मात्र तेव्हा कुणाला ऐकायचं नसतं.

कुठल्या खुणांवर थांबायचं नाही

खोकला आणि दम सगळ्यांनाच असतो. या आजाराची गाठ बहुतेकदा मधोमध, मोठ्या श्वासनलिकेला आणि मधल्या लसीका गाठींना चिकटून वाढते. त्यामुळे काही खुणा तिच्याच म्हणाव्यात अशा असतात. आवाज बसतो आणि तीन आठवडे झाले तरी सुटत नाही. सकाळी उठल्यावर चेहरा आणि पापण्या सुजलेल्या, सदऱ्याची कॉलर घट्ट, मानेच्या शिरा टरारलेल्या. वाकून पायताण घालताना डोकं भरून येतं. ही सूज किडनीची समजून लघवी वाढवायच्या गोळ्या दिल्या जातात, पण पायांवर सूज नसते. नुसती वरच्या अंगाला असते, कारण वरून येणारं रक्त हृदयात नेणारी मोठी शीर छातीत दबलेली असते. अशा माणसाला हाताच्या शिरेतून भराभर सलाईन देऊ नये. पाठीला उशा देऊन बसतं ठेवावं आणि त्याच दिवशी सीटी करावा.

दुसरी खूण रक्ताच्या रिपोर्टात लपलेली असते: सोडियम. स्मॉल सेलच्या पेशी शरीरात पाणी साठवणारं हार्मोन तयार करू शकतात. माणूस घरी पेंगतो, उलट्या करतो, भलतंसलतं बोलतो. 'वयामुळे डोकं चालत नाही' असं म्हणून ते सोडून दिलं जातं. सोडियम ११८ इतकं कमी आलं की पहिला विचार येतो सलाईन लावायचा. इथेच फसगत होते. या अवस्थेत साधं नॉर्मल सलाईन दिलं तर किडनी त्यातलं मीठ लघवीवाटे बाहेर टाकते आणि पाणी ठेवून घेते. सोडियम आणखी उतरतं. घरचे ग्लासामागून ग्लास लिंबू सरबत पाजत असतील तर तेही त्याच दिशेने जातं. आधी लघवीची ऑस्मोलॅलिटी (ती किती घट्ट आहे ते) आणि लघवीतलं सोडियम बघावं. रक्त पातळ असूनही लघवी घट्ट असेल, तर चहा-ताक धरून दिवसाचं पाणी ८०० मिली ते एक लिटरवर आणावं. झटके येत असतील, शुद्ध हरपत असेल तर तीन टक्के मिठाचं पाणी लागतं, पण ते आयसीयूतच. काहीही केलं तरी २४ तासांत सोडियम ८ ते १० अंकांहून जास्त चढवायचं नाही. घाईने चढवलं तर मेंदूच्या मधल्या भागातल्या नसांचं आवरण सुटतं आणि ते बऱ्याचदा परत भरून येत नाही. आणि हे सगळं करायच्या आधी बीपीच्या गोळीचं पाकीट वाचावं. क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर सोडियम तिनेही उतरतं. ती आधी बंद.

कमी दिसणाऱ्या खुणाही आहेत. मांड्यांतलं बळ जातं, चटईवरून उठता येत नाही, तोंड कोरडं पडतं. हा लॅम्बर्ट-ईटन नावाचा प्रकार. अचानक साखर वाढते, बीपी चढतं, पोटॅशियम खाली जातं आणि अंग काळवंडतं, तेव्हा गाठच स्टेरॉइड बनवायला भाग पाडत असते. मणक्याचा एमआरआय साफ असलेल्या विडी ओढणाऱ्या माणसाला मांड्यांची कमजोरी असेल तर एक छातीचा सीटी काढावा, असं माझं मत आहे. त्यात पैसे वाया जात नाहीत.

टीबीचं काय, ते आता. दोन्ही आजार एकाच छातीत असू शकतात, त्यामुळे टीबी शोधूच नये असं नाही. सरकारी दवाखान्यात थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी) मोफत होते आणि रिपोर्टही लवकर मिळतो. ती पॉझिटिव्ह आली तर प्रश्न सुटला, निदान अर्धा. निगेटिव्ह असेल आणि सावली मधोमध असेल, तर नुसत्या अंदाजाने एकेटी चालू करण्याऐवजी सीटीची तारीख घ्यावी. एकेटी चालू झालेली असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा. एकेटीतल्या रिफॅम्पिसिनमुळे यकृत कितीतरी औषधं भराभर निकालात काढतं, आणि उलट्या थांबवायला दिलेल्या डेक्सामेथासोनचाही त्यात नंबर लागतो.

तुकडा

या आजारात सगळ्यात जास्त घोळ होतो तो बायोप्सीत. तुकडा कुठून घ्यायचा याचा नियम सोपा आहे. जिथे हात सहज पोचेल आणि जिथून आजाराची सगळ्यात पुढची पायरी सिद्ध होईल, तिथून घ्यायचा. हसळीच्या हाडामागे गाठ लागत असेल तर छातीत सुई घालायचं कारणच नाही. ती गाठ सोनोग्राफीखाली दहा मिनिटांत मिळते. यकृतात डाग असेल तर तिथून. नाहीतर दुर्बिणीतून, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीने. मधल्या गाठींसाठी ईबस, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी. छातीत पाणी झालं असेल तर तपासणीला पाच मिली पाठवून भागत नाही. निदान ५० ते १०० मिली पाठवा आणि 'सेल ब्लॉक करा', म्हणजे त्यातल्या पेशी मेणात बसवा, असं फॉर्मवर लिहून घ्या. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर साधारण पाच दिवस आधी थांबवावी लागते. हृदयात स्टेंट बसवलेला असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. हे बायोप्सीच्या टेबलावर आठवलं की आठवडा गेला.

तुकडे दोन डब्यांत जातात, आणि इथे चूक ठरलेली. कॅन्सरसाठीचा तुकडा दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रव. टीबीच्या तपासणीचा तुकडा मात्र साध्या नॉर्मल सलाईनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) कधीच उगवत नाही. दोन्ही एकाच बाटलीत टाकून 'टीबी निगेटिव्ह' असा रिपोर्ट आला, तर त्याला किंमत शून्य. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा निदान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास असावा. शनिवारी दुपारी घेतलेला तुकडा सोमवारी कुरियरने गेला आणि बुधवारी उघडला, की पुढचे डाग, म्हणजे पेशी ओळखायला लावायचे रंग, नीट उठत नाहीत. बायोप्सी आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा.

स्टेरॉइडबद्दल एक सूचना. चेहरा सुजलेला माणूस आला की दम कमी व्हावा म्हणून डेक्सामेथासोन टोचलं जातं. गाठ स्मॉल सेलची असेल तर फार बिघडत नाही. पण ती लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कॅन्सर, असेल तर दोन-चार दिवसांत इतकी वितळते की तुकड्यात मेलेल्या पेशींशिवाय काही मिळत नाही. श्वास अगदी अडकला नसेल तर आधी तुकडा, मग स्टेरॉइड.

मायक्रोस्कोपखाली काय दिसतं ते जवळून बघू. पेशी लहान, साधारण तीन लिम्फोसाइटच्या (रक्तातल्या छोट्या पांढऱ्या पेशींच्या) रुंदीएवढ्या. केंद्रक एवढं मोठं की भोवती काही उरतच नाही. आत मीठ-मिरी शिंपडल्यासारखं बारीक बारीक, आणि शेजारशेजारची केंद्रकं डब्यात दाबून भरलेल्या बुंदीच्या लाडवांसारखी एकमेकांना चेपलेली. या पेशी फार नाजूक असतात. चिमट्याने ओढताना चिरडतात आणि स्लाइडवर निळ्या शाईच्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. अशा चिरडलेल्या तुकड्यावर घाईने 'स्मॉल सेल' लिहिलं जातं. कार्सिनॉइड नावाची संथ गाठसुद्धा चिरडल्यावर अशीच दिसते, आणि तिचा उपचार केमो नव्हे, ऑपरेशन. दोघांना वेगळं करणारा आकडा म्हणजे केआय-६७, शंभरातल्या किती पेशी विभागायच्या तयारीत आहेत ते. स्मॉल सेलमध्ये तो बहुतेकदा ८०च्या पुढे असतो. रिपोर्टात 'स्मॉल सेल' लिहिलंय आणि केआय-६७ पंधरा, तर केमो लावू नका. पॅथॉलॉजिस्टला फोन करा.

बाकी डाग नेहमीचे: सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६, आयएनएसएम१, यांतला एखादा-दुसरा तरी पॉझिटिव्ह. टीटीएफ-१ बहुतेकांत पॉझिटिव्ह. पी४० निगेटिव्ह. लिम्फोमा नाही हे बघायला सीडी४५. तुकडा इवलासा असतो, म्हणून वीस डाग एकदम मागवून ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, संपवायचा नाही. आधी पाच-सहा. ब्लॉक संपला तर परत दुर्बीण, परत आठवडा.

चित्र जुळत नसेल तर दुर्मिळ भावंडांचा विचार करावा. लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन साधारण शंभरात तीन. पेशी मोठ्या, आत ठसठशीत ठिपका. छोट्या तुकड्यावर त्याचं नाव खात्रीने लिहिणं कठीण. गाठ लवकर सापडली तर ऑपरेशन, पसरली तर बहुतेकदा स्मॉल सेलसारखीच केमो. रुग्ण तरुण आहे, विडीला कधी शिवलेला नाही, आणि छातीच्या मधोमध आठवड्यागणिक वाढणारी गाठ आहे, तर नट कार्सिनोमाचा डाग मागवा. एकच डाग, पण तो मागवायचं सुचावं लागतं. ऐन चाळिशीतला, भरपूर ओढणारा पुरुष आणि कुठल्याच डागाला धड दाद न देणारी गाठ, तर एसएमएआरसीए४ चा डाग बघा. आणि आधी नॉन-स्मॉल सेलसाठी ईजीएफआरच्या टार्गेटेड गोळ्यांवर चांगली चाललेली बाई अचानक बिघडली, तर नुसती गोळी बदलू नका. त्यांतल्या काहींची गाठ गोळीला चुकवत स्मॉल सेलचं रूप घेते, आणि ते नवीन तुकडा घेतल्याशिवाय कळत नाही. उलट बाजूने, कधीच न ओढलेल्या माणसात स्मॉल सेल सापडला तर ईजीएफआरची तपासणी करून घ्यावी.

मोजमाप

तुकडा गेला की रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. त्याच आठवड्यात छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी (यकृत आणि ॲड्रिनल, म्हणजे किडनीवरच्या ग्रंथी, त्यात यायला हव्यात) आणि मेंदूचा कॉन्ट्रास्ट एमआरआय. डोकं दुखत नसलं तरी एमआरआय. निदानाच्या वेळीच शंभरातल्या दहा ते वीस जणांच्या मेंदूत डाग असतात. मग पेट-सीटी, म्हणजे अंगभर आजार शोधणारा स्कॅन. त्याला जाताना चार ते सहा तास उपाशी, आणि साखर २००च्या आत. मधुमेह्याची साखर डेक्सामेथासोनने २८० वर गेली आणि मशीनवरून परत पाठवलं, असं होऊ नये म्हणून दोन दिवस आधीपासून घरी साखर तपासा. रक्तात सीबीसी, किडनी, लिव्हर, सोडियम, एलडीएच. हृदय कमजोर असेल तर टूडी इको.

आजार छातीच्या एका बाजूत, रेडिएशनच्या एका क्षेत्रात मावत असेल तर 'लिमिटेड'. त्या बाहेर गेला, किंवा छातीतल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तर 'एक्स्टेन्सिव्ह'. सापडतात त्यांतले साधारण दोन तृतीयांश एक्स्टेन्सिव्ह असतात.

माणूस फारच खालावला असेल तर पेटसाठी केमो अडवू नये. पण कॉन्ट्रास्ट सीटी पहिल्या केमोआधी झालाच पाहिजे. एका सायकलमध्ये गाठ अर्ध्यावर येते, आणि मग रेडिएशनच्या डॉक्टरला आधी कुठल्या गाठी बाधित होत्या ते कळायला मार्ग राहत नाही. हीच अडचण 'आधी इथे एक केमो घेऊ, मग मुंबईला दाखवू' यातही आहे. दुसरं मत जरूर घ्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी परळला टाटा हॉस्पिटलला जाता येतं. पण सोबत नुसते रिपोर्ट नेऊ नका. मेणाचा ब्लॉक, स्लाइड आणि सीटीची सीडी नेल्या नाहीत तर तो फेरा फुकट जातो. ब्लॉक लॅबमधून मिळायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे अर्ज आधीच द्यावा.

महात्मा जोतिराव फुले योजनेचं कामही याच आठवड्यात. रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट आणि सीटी घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे जायचं. मंजुरी आल्यावरच केमो त्यात बसते. रेशन कार्डावर 'पांडुरंग' आणि आधारवर 'पांडूरंग', एवढ्या एका उकारावर चार दिवस जातात. तुकडा घेतला त्याच दिवशी कागद जुळवून बघा.

लिमिटेड असेल तर

अगदी छोटी गाठ, मधल्या गाठी साफ, असे शंभरात जेमतेम पाच. त्यांचं ऑपरेशन करून मग चार सायकल केमो. बाकी सगळ्यांना केमो आणि रेडिएशन बरोबरच.

केमो म्हणजे सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड. सिस्प्लॅटिन पहिल्या दिवशी शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ६० ते ८० मिलिग्रॅम, इटोपोसाइड १०० ते १२० मिलिग्रॅम पहिले तीन दिवस. दर २१ दिवसांनी, चार वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं इटोपोसाइड छोटं दिसतं, म्हणून चंदगड-आजऱ्याहून येणारा माणूस 'एका दिवसाचं राहिलं तर चालेल का' विचारतो. चालत नाही. हे औषध एका दमात दिलेल्या मोठ्या डोसपेक्षा तीन दिवस वाटून दिलेलं जास्त काम करतं.

इटोपोसाइडची बाटली बघा. शरीराचा पृष्ठभाग दीड चौरस मीटर म्हणजे डोस १५० मिलिग्रॅम. हे औषध पाण्यात फारसं विरघळत नाही. दर मिलीत ०.४ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर खडे धरायला लागतं. १५० ला ०.४ ने भागा, ३७५ मिली येतात, म्हणून पाचशेची बाटली. खर्च किंवा वेळ वाचवायला अडीचशेच्या बाटलीत घातलं तर ०.६ होतं. तळाशी पांढरं गढूळ दिसलं की बाटली लगेच बदलायला सांगा. आणि तासाभरात हळूहळू, कारण भरकन सोडलं की बीपी कोसळतं.

रेडिएशन, गावाकडच्या भाषेत 'लाईट', पहिल्या किंवा दुसऱ्या सायकलसोबतच सुरू व्हावं. गाठ केमोने मरता मरता उरलेल्या पेशी जोराने वाढायला लागतात. त्यांना वाढायला वेळ मिळू नये म्हणून दिवसातून दोनदा: दर वेळी १.५ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप), मध्ये निदान सहा तास, ३० वेळा, एकूण ४५ ग्रे, तीन आठवड्यांत संपवायचं. १९९९ साली अमेरिकेतल्या चाचणीत तेवढाच डोस रोज एकदा पाच आठवडे देण्यापेक्षा हे सरस ठरलं. पाच वर्षं जगणारे २६ टक्के, तिकडे १६. दोनदा जमणारच नसेल तर रोज एकदा ६० ते ७० ग्रे, सहा-सात आठवडे. हाही प्रामाणिक पर्याय आहे. मात्र मधे खंड नको.

खंडाबद्दल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. उपचार जुलै-ऑगस्टात येत असेल तर तीन आठवडे मशीनच्या बाजूच्या काठाला खोली घ्या. शिरोळ, करवीर, पन्हाळ्याकडून रोज ये-जा करायच्या भरवशावर राहू नका. सहा तासांचं अंतर धरलं तर तसाही दिवसभर तिथेच बसावं लागतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अन्ननलिका भाजल्यासारखी होते. पाण्याचा घोटही टोचतो. पेज, आटवल, गार दूध, मऊ वरण-भात. तांबडा रस्सा सोडाच, पांढऱ्यातली मिरीसुद्धा ठिणगीसारखी उतरते. वजन आठवड्याला दोन किलोने उतरायला लागलं तर नाकातून नळी घालायला लाजू नये. नळीपेक्षा उपचार अर्धवट सुटणं वाईट.

या काळात विडी चालू ठेवली तर उपचाराचा फायदा घटतो. 'आता सोडून काय उपयोग' याला उत्तर असं की या आजारात आत्ताच उपयोग आहे.

सगळं संपून गाठ नीट दबली की दोन गोष्टी. पहिली, मेंदूला आधीच रेडिएशन: २५ ग्रे, दहा वेळा. याने मेंदूतले डाग कमी होतात, स्मरणशक्तीला मात्र थोडा फटका बसतो. सत्तरीपुढच्या, आधीच विसराळू झालेल्या माणसात दर तीन महिन्यांनी एमआरआय करत राहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, पण मग तो एमआरआय चुकवायचा नाही. दुसरी, ड्युरव्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध, १५०० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी, दोन वर्षांपर्यंत. २०२४ मध्ये आलेल्या निकालात त्याने मध्य आयुर्मान (निम्मे रुग्ण जिथपर्यंत जगतात तो आकडा) ३३.४ महिन्यांवरून ५५.९ वर नेलं. या आजारात एवढी उडी कित्येक वर्षांत नव्हती. किंमत लाखांत आहे. कंपनीच्या सवलत योजनेची चौकशी रेडिएशन चालू असतानाच करा.

एक्स्टेन्सिव्ह असेल तर

कार्बोप्लॅटिन, इटोपोसाइड आणि जमल्यास ॲटेझोलिझुमॅब १२०० मिलिग्रॅम किंवा ड्युरव्हॅलुमॅब. चार सायकल. नंतर नुसती इम्युनोथेरपी. २०१८ च्या चाचणीत ॲटेझोलिझुमॅबने मध्य आयुर्मान १०.३ महिन्यांवरून १२.३ वर गेलं. दोन महिने. काही थोडे मात्र तीन-तीन वर्षं टिकतात, आणि ते कोण हे आधी ओळखता येत नाही. घर गहाण टाकून हे औषध घ्यावं का, याचं माझं उत्तर 'नाही' आहे. नुसत्या केमोनेही दम, सूज, सोडियम हे सगळं पहिल्या दहा-पंधरा दिवसांत हलतं. लॅम्बर्ट-ईटन असेल तर इम्युनोथेरपीने तो बिघडू शकतो, तेव्हा जास्तच जपून.

कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीवर ठरतो: पाच गुणिले (किडनीची गाळण्याची क्षमता अधिक २५). कागदावर करून बघा. वय ६६, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन ०.६. (१४० − ६६) × ४८ भागिले (७२ × ०.६) म्हणजे ८२. डोस ५३५ मिलिग्रॅमच्या आसपास. पण या माणसाचं क्रिएटिनिन कमी आहे ते किडनी उत्तम म्हणून नव्हे, अंगावर मांसच उरलं नाही म्हणून. तोच आकडा ०.८ धरला तर क्षमता ६२ आणि डोस ४३३. शंभर मिलिग्रॅमचा फरक. पहिल्या सायकलनंतर प्लेटलेट कोसळणाऱ्या बारीक म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा कारण हेच निघतं.

केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला असतात. घरात थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे रात्री दोन वाजता जवळच्या हॉस्पिटलात, सकाळपर्यंत थांबायचं नाही आणि पॅरासिटामॉल देऊन ताप लपवायचा नाही. दारात एवढंच सांगा: 'केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली.' शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात लागलं पाहिजे, सीबीसीचा रिपोर्ट नंतर आला तरी चालतो. पेशी वाढवायचं पेगफिलग्रॅस्टिम ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन त्या सायकलच्या शेवटच्या केमोनंतर २४ तासांनी, म्हणजे चौथ्या दिवशी. परत यायचा त्रास नको म्हणून तिसऱ्या दिवशी संध्याकाळीच टोचून घेतलं, तर नव्याने उठलेल्या पेशी अंगातल्या उरलेल्या औषधात सापडतात. घरी नेत असाल तर २ ते ८ अंशांत, बर्फाला चिकटवून नाही. रेडिएशन बरोबरच चालू असेल तर हे इंजेक्शन डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच.

इम्युनोथेरपीवर असताना जुलाब लागले की 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून सोडू नका. दिवसाला नेहमीपेक्षा चार वेळा जास्त, किंवा नव्याने कोरडा खोकला आणि दम, तर त्याच दिवशी फोन.

आजार परत उलटला तर आधी तारीख बघतात. पहिली केमो संपून सहा महिने होऊन गेले असतील तर तीच केमो परत चालते. तीन महिन्यांच्या आत उलटला तर ती सहसा चालत नाही. मग टोपोटेकन, इरिनोटेकन, लर्बिनेक्टेडिन. अमेरिकेत २०२४ च्या मेमध्ये टार्लाटॅमॅबला मान्यता मिळाली. ते रोगप्रतिकारक टी-पेशीला गाठीच्या पेशीशी बांधून देतं. पहिल्या डोसांनंतर ताप आणि बीपी उतरणं होऊ शकतं, म्हणून ते हॉस्पिटलात देखरेखीखाली द्यावं लागतं.

वेदना आणि दमासाठी मॉर्फिनची गोळी शेवटी म्हणून राखून ठेवायची नसते. दमाला अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, चार तासांनी. तिच्या पहिल्या गोळीबरोबरच रेचकही चालू करायचं, पोट तुंबल्यावर नाही. आणि टेबलफॅनचा वारा थेट चेहऱ्यावर, नाकागालांवर येईल असा ठेवायचा. धाप लागलेल्या माणसाला, ऑक्सिजन नव्वदीच्या वर असेल तेव्हा, त्या वाऱ्याने सिलिंडरइतकाच आराम पडतो.